सासरी पाहिलेला राऊटर

गावंडे सर गेल्यापासून आमच्या गल्लीत शांतता आहे, आणि या शांततेत मला वाचता येत नाही. ते होते तेव्हा माझी तक्रार नेमकी उलट होती, पण तीही मी कधी बोलून दाखवली नाही. मी ग्रंथपाल होतो. लोकांना हळू बोलायला सांगण्यात सगळी नोकरी गेली, आणि निवृत्त होऊन अमरावतीत राजापेठेच्या मागच्या या गल्लीत राहायला आलो तर खिडकीसमोर गावंडे सर. माझं वाचनाचं टेबल आणि त्यांची मागची खोली यांच्यामध्ये एक बोळ आहे, सायकल कशीबशी जाईल एवढा. पहिल्याच दिवशी त्यांनी त्या खिडकीतून मला विचारलं, की नोकरीत काय करत होता. मी सांगितलं. "मंग तुमचं नाव लायब्ररी," ते म्हणाले. माझं खरं नाव त्यांनी नंतर कधी घेतलं नाही.

सर शाळेत पी.टी. शिकवत. गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजताना कोणी ऐकली नव्हती, कारण गरजच पडत नसे. एका वर्षी क्रीडासंमेलनात लाऊडस्पीकर बंद पडला. पाहुण्यांचं स्वागत, सगळ्या शर्यतींचे निकाल आणि आभार, सगळं सरांनी तोंडानं केलं. दुसऱ्या वर्षी मुख्याध्यापकांनी लाऊडस्पीकर सांगितलाच नाही. हे सर स्वतः सांगत, अभिमानानं. निवृत्तीनंतरही आवाज तोच राहिला. दूधवाल्याला ते "एक लिटर" म्हणाले की पलीकडच्या गल्लीत लोक भांडं घेऊन बाहेर येत.

दुसरी गोष्ट मिशी. झुपकेदार, वरच्या ओठावरून खाली उतरलेली, पांढरी झाल्यावर आणखीच भरलेली. चहाचा पहिला घोट ती पिते आणि दुसरा मी पितो, असं ते म्हणत. एका मुख्याध्यापकांनी, शिक्षकाला शोभत नाही, जरा कमी करा, असं सुचवलं होतं. सरांनी नम्रपणे बदलीचा अर्ज लिहून त्यांच्या टेबलावर ठेवला. मुख्याध्यापकांनी तो फाडला, आणि मिशी राहिली. मंदावहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, लग्नात ही मिशी पाहून घाबरल्या होत्या. पुढे त्या कशालाच घाबरल्या नाहीत.

पण सरांची खरी कीर्ती होती ती खरेदीसाठी. दुकानात जाऊन वस्तू पसंत करणाऱ्या माणसाची त्यांना कीव यायची. त्यांचं म्हणणं असं, की दुकान म्हणजे वस्तूचं माहेर. माहेरी कोणीही चांगलंच दिसतं. पुसलेलं, नटवलेलं, आणि बोलायला बाजूला दुकानदार. वस्तू कशी आहे हे तिच्या सासरी गेल्यावर कळतं. म्हणून सर आधी दुकानदाराकडून, ही वस्तू कोणाच्या घरी दिली, याचा पत्ता घेत. मग त्या घरी जात. ओळख असो वा नसो.

कूलर घ्यायचा होता त्या वर्षीची गोष्ट सगळ्या गल्लीला पाठ आहे. वैशाखातल्या दुपारी सर डोक्याला दुपट्टा बांधून निघत आणि कोणाच्या तरी घरी जाऊन कूलरसमोर बसत. बसण्याची कसोटी एकच, झोप लागते का. एका वकिलाच्या घरी त्यांना इतकी गाढ झोप लागली, की वकील कोर्टातून आले आणि आपल्या दिवाणावर एक अनोळखी मिशीवाला माणूस घोरताना पाहून परत पायरीवर जाऊन घराचा नंबर वाचून आले. सर उठले, चहा प्याले आणि म्हणाले, "हाच घ्याचा." तो कूलर अजून चालतो. वकीलसाहेब शेवटपर्यंत सरांचे मित्र राहिले.

आता बाईबद्दल सांगायला हवं. बाई म्हणजे सरांची थोरली बहीण. घर मूळचं मोर्शीकडचं, संत्र्याच्या बागा असलेलं. आई लवकर गेली. बाईचं लग्न होऊन ती अकोल्याला जठारपेठेत गेली तेव्हा लहानग्या मधूला, म्हणजे सरांना, शाळेसाठी बरोबर घेऊन गेली. सर म्हणायचे, "बाईच्या आंदणात भांडे गेले आन् मी गेलो. भांडे सासरच्यायनं ठेवून घेतले, मले बाईनं."

उतारवयात बाईचे कान हळूहळू गेले. कानाला लावायचं यंत्र आणून झालं. त्यात माणसाचा आवाज कमी आणि भांड्यांचा जास्त येतो, म्हणून तिनं ते डब्यात ठेवलं. मुलाचं ऐकू येईना, सुनेचं येईना, पण मधूचं यायचं. बरीच वर्षं बाईला ऐकू येणारा जगातला एकच माणूस उरला होता, आणि तो दर रविवारी अमरावतीहून एस.टी.नं जायचा. दिवसभर बसून आठवड्याची सगळी हकिकत सांगायचा. शेजारपाजारचे लोकही ती ऐकत, त्यांना पर्याय नव्हता. मग एका रविवारी सरांनी दारातून हाक मारली आणि बाईनं मान वर केली नाही.

त्या संध्याकाळी सर परत आले तेव्हा बोळातून त्यांचा आवाज आला नाही. मी खिडकी उघडून पाहिलं. ते अंधार पडेपर्यंत खुर्चीत बसून होते.

त्यानंतर बाई सुनेच्या, सुनीताच्या, ओठांवरून बोलणं ओळखायला शिकली. हुशार होती, पटकन शिकली. सरांना मात्र त्याच सुमारास छातीचा त्रास सुरू झाला आणि डॉक्टरांनी एस.टी.चा प्रवास बंद केला. राहिला तो मोबाइलवरचा व्हिडिओ. तिकडे सुनीता लोणच्याच्या बरणीला फोन टेकवून बाईला समोर बसवायची. इकडे सर मागच्या खोलीत, माझ्या खिडकीसमोर. पुढची खोली सोडून मागं यायचं कारण उजेड, तो माझ्या बैठ्या घरावरून आत यायचा. पुढच्या खिडकीसमोर नवी इमारत झाली होती, तिथं दिवसाही चेहरा दिसत नसे, आणि बाईला तर चेहराच हवा होता.

पण राऊटर होता पुढच्या खोलीत. केबलवाल्यानं जोडणीबरोबर दिलेला. सरांच्या ढाली आणि कप ठेवलेल्या काचेच्या शोकेसमध्ये, वहिनींनी विणलेल्या क्रोशाच्या रुमालाखाली तो सुखात होता. मागच्या खोलीपर्यंत त्याचं काहीच पोचत नसे. मोबाइलच्या नेटचं म्हणाल तर दुपारी शिकवणीची पोरं राजापेठेत उतरली की तेही संपायचं. मग बाईचं तोंड अर्धं उघडं राहून पडद्यावर थिजायचं. सर अदबीनं थांबायचे. तिकडे सरही थिजलेले असायचे. शेवटी बाई कंटाळून म्हणायची, "काईच समजून नाही राहिलं, मधू. तू अकोल्यालेच ये." आणि सर फोन खाली ठेवून बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसायचे.

केबलवाला दोनदा आला. सिग्नल फुल्ल आहे म्हणाला आणि गेला. तेव्हा सरांनी ठरवलं, नवा राऊटर घ्यायचा. "चांगला घेऊ," ते मला खिडकीतून म्हणाले. "बाईशी बोलाचं हाय. त्याच्यात कंजुशी नाही."

राजापेठेतल्या दुकानात मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. दुकानदारानं काउंटरवर खोक्यांची रांग मांडली. कोणाला दोन अँटेना, कोणाला चार. एकाला तर चारी बाजूंनी इतक्या, की तो पाठीवर पडलेल्या खेकड्यासारखा दिसत होता. अँटेनांना सर शिंगं म्हणत. दुकानदारानं सांगितलं, की हा गेम खेळणाऱ्यांसाठी भारी आहे. सर म्हणाले, की मी आयुष्यभर पोरं खेळवली, आता राऊटर खेळवायचा नाही. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, यातला कोणता कोणाच्या घरी नांदतो आहे. दुकानदार नवा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला सगळं समजावून सांगितल्यावर त्यानं हसत हसत बरीच घरं सांगितली.

आणि मग राजापेठेत सरांचा राऊटर पाहण्याचा कार्यक्रम सुरू झाला. कसोटी अशी: घरात शिरायचं, राऊटर कुठं आहे ते विचारायचं, आणि त्याच्यापासून सगळ्यात लांबच्या खोलीत जाऊन अकोल्याला फोन लावायचा. लांबची खोली बहुतेक घरी स्वयंपाकघरच असते. सर फोन उलटा धरून बाईला स्वयंपाकघर दाखवत. चित्र अडकलं तर राऊटर नापास.

बाईला हा कार्यक्रम फार आवडला. घराबाहेर पडणं सुटलं होतं, आणि आता घरबसल्या परक्यांची स्वयंपाकघरं पाहायला मिळत होती. अडचण एवढीच, की ऐकू येत नसल्यामुळे आपण किती मोठ्यानं बोलतो याचा तिला अंदाज नव्हता. दातांच्या डॉक्टरांच्या घरी चित्र स्वच्छ आलं. इतकं स्वच्छ, की फोनमधून बाईचा आवाज घरभर घुमला, "दातं साफ करते म्हणते, आन् शेगडी पाह्य." डॉक्टरीणबाई चहाचा ट्रे घेऊन नेमक्या दारातच उभ्या होत्या. मी कपाटावरची औषधाची जाहिरात वाचायला लागलो. सर शांतपणे म्हणाले, "राऊटर चांगला हाय तुमचा, वहिनी."

बातमी पसरायला वेळ लागला नाही. त्यानंतर सर येणार म्हटलं की ती घरं आदल्या दिवशी आवरली जाऊ लागली. गणिताच्या शिकवणीवाल्यांच्या बायकोनं तर ओट्यावरच्या फरशा ॲसिडनं घासून घेतल्या. बाई त्यांच्यावर खूश झाली, पण तिथलं चित्र सारखं अडकत होतं. राऊटरला शिंगं भरपूर, पण तो बसवला होता जिन्याखालच्या कपाटात. सरांनी त्याला नापास केलं नाही. "पोरगं चांगलं हाय, उभं चुकीच्या जागी केलं," असं म्हणून त्यांनी ती गोष्ट लक्षात ठेवली.

पसंत पडला तो सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरचा. चार शिंगांचा, दिसायला साधा. विद्यार्थ्यानं सांगितलं, की याच्यात सिग्नलचे दोन प्रकारचे पट्टे आहेत, एक वेगानं जातो पण भिंत आली की दमतो, दुसरा हळू जातो पण भिंतीपलीकडे पोचतो. सरांना हे लगेच पटलं. शंभर मीटरचा पळणारा वेगळा, लांब पल्ल्याचा वेगळा, आणि दोघं एकाच शाळेत असले की ढाल आपलीच.

बसवण्याच्या दिवशी मला बोलावणं आलं. सरांनी मला मधल्या दाराजवळ स्टुलावर उभं केलं, हातात राऊटर दिला आणि ते फोन घेऊन मागच्या खोलीत गेले. तिथून हुकूम यायला लागले. हात वर. आणखी वर. डावीकडे एक पाऊल. मी सांगितलं, की स्टुलावर पाऊल टाकायला जागा नाही. "बरं मंग, विश्राम," सर म्हणाले. वहिनींनी खालून स्टूल धरलं होतं, त्या हसायला लागल्यामुळे ते जास्तच हलत होतं. शेवटी दाराच्या वर, जिथं सरांची शिट्टी खिळ्याला टांगलेली होती, तिथं जागा ठरली. शिट्टी त्यांनी काढू दिली नाही. राऊटर तिच्या शेजारी बसला आणि त्याचा निळा दिवा शिट्टीवर पडायला लागला.

मग फोन लागला. सर उजेडात बसले, केस नीट केले, मिशीवरून हात फिरवला. पडद्यावर बाई आली, तिच्या मागची बरणी आली, बरणीतलं लोणचंसुद्धा कैरीचं आहे हे कळत होतं. काही अडकत नव्हतं. सर सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलले, "बाई, बरी हायेस ना?"

बाई डोळे बारीक करून पाहत राहिली. "काय म्हणते समजून नाही राहिलं."

सरांनी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं. बोळातलं कुत्रं उठून गेलं. बाईनं मान हलवली. सरांचा चेहरा उतरला. ते उठले, राऊटरखाली जाऊन त्याच्याकडे पाहत उभे राहिले आणि मला हळू आवाजात म्हणाले, की परत द्यावा लागेल. त्यांना हळू बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. इतकी घरं पालथी घातली होती, पण त्या सगळ्या घरांत बोलायची ती बाईच, आणि फोन असायचा शेगडीकडे वळवलेला. सरांचा चेहरा तिनं नीट पाहिलाच नव्हता.

फोन टेबलावर तसाच सुरू होता. त्यातून बाईचा आवाज आला. "मधू, कुठी गेला? अठी ये. चित्र चांगलं हाय. तुया मिशीचा एक एक केस दिसून राहिला मले. ओठ कुठी हायेत?"

सर परत येऊन बसले.

"सुनीताचं समदं समजते मले," बाई म्हणाली. "तिले मिशी नाही."

वहिनी पदर तोंडाला लावून स्टुलावर बसल्या, त्यांना उभं राहवत नव्हतं. मी हसलो नाही, म्हणजे तसा प्रयत्न केला. सरांनी दोन्ही हातांनी मिशी वर उचलून धरली आणि काहीतरी म्हणाले. बाईला ते समजलं असावं, कारण ती इतकी हसली की तिकडे फोन बरणीवरून घसरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर दूध घ्यायला बाहेर आले ते तोंडाला दुपट्टा गुंडाळून. पण भांडं दोन्ही हातांनी धरावं लागलं आणि दुपट्टा सुटला. वरचा ओठ लहान मुलाच्या ओठासारखा गोरा आणि नवा दिसत होता. दूधवाल्यानं दूध ओतायचं सोडून पाहिलं आणि विचारलं, की मिशी कुठं गेली. "गरमी लय व्हाची," सर म्हणाले. पौष महिना होता, दूधवाल्यानं कानटोपी घातली होती. गल्लीत पुष्कळ तर्क झाले. मला विचारणाऱ्यांना मी सांगितलं, की मी पुस्तकात होतो.

त्या दिवसापासून दुपारच्या चहानंतर रोज फोन व्हायचा. सुरुवातीला सर नेहमीसारखे गरजत. मग त्यांच्या लक्षात आलं असावं, की पलीकडच्या माणसाला याचा काही उपयोग नाही. आवाज रोज थोडा थोडा खाली आला. शेवटी नुसते ओठ राहिले. मी टेबलावरून मान वर केली की समोर सर दिसायचे. हातवारे चाललेले, भुवया वर, मान डोलते आहे, तोंड चाललं आहे आणि आवाज नाही. पहिल्यांदा मला वाटलं, चणे खात आहेत. वहिनींना मात्र लग्नानंतर पहिल्यांदाच दुपारची झोप मिळू लागली. बाकीच्या जगाशी आवाज तोच होता. फोन संपला की खिडकीतून हाक यायची, "ओ लायब्ररी, चहा घ्याले या." मी साखर कमी घेतो हे त्यांना कधी पटलं नाही. पाहुण्याला फिका चहा देणं म्हणजे त्याला जा म्हणणं, असं त्यांचं मत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात छातीचा त्रास वाढला. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा सरांना वाक्य बोलायला दम पुरत नव्हता, आणि मग शब्दालाही पुरेना. पलंग मागच्या खोलीतच टाकला होता, उजेडात. दाढी वाढली तरी वहिनी तिकडे लक्ष देत नसत, पण वरचा ओठ रोज सकाळी त्या स्वतः साफ करून द्यायच्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते एका दुपारी. पंखा चालू होता. वकीलसाहेब आलेले होते, मी पायथ्याशी उभा होतो. सर ओठ हलवून काहीतरी सांगत होते. वहिनींनी कान जवळ नेला. पाणी का, त्यांनी विचारलं. सरांनी डोळे मिटले. वकिलांनी विचारलं, उशी उंच करू का. कवायतीत चुकीचा पाय टाकणाऱ्या पोरांकडे पाहावं तसं सरांनी आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा तेच सांगितलं. आम्हाला कोणालाच कळेना. दाराच्या वर निळा दिवा जळत होता, शेजारी शिट्टी.

वहिनींनी फोन लावला आणि औषधाच्या बाटलीला टेकवून सरांसमोर ठेवला. बाई आली. सरांनी पुन्हा ओठ हलवले. तिनं नीट पाहिलं आणि मग तिचा आवाज सगळ्या खोलीत घुमला, बोळातून माझ्या रिकाम्या टेबलापर्यंतही गेला असेल.

"पानी नाही पाहिजे त्याले. लायब्ररी मघापासून उभे हायेत, त्याईले खुर्ची द्या म्हणते. आन् चहा टाका. साखर कमी करू नोका म्हणते."

वहिनींनी खुर्ची दिली. मी बसलो. सर बाईकडे वळले आणि पुढचं सांगू लागले. ते पुष्कळ होतं. बाई मधेच हसत होती, मधेच म्हणत होती, "हाव, मंग?" आणि खोलीत फक्त अकोल्याचा आवाज होता. चहा आला. मी तो सगळा प्यालो.